मेन स्विच पाडायचा कुणी?

इस्पितळात गेलो की आपण डॉक्टरांच्या पाट्या वाचतो, औषधाच्या दुकानासमोर रांग लावतो आणि लिफ्ट बंद असली तर व्यवस्थापनाच्या नावाने बोटे मोडतो. मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या आडोशाला एक लोखंडी पेटारा उभा असतो. त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. तो असतो जनरेटर. वर्षातले बरेच दिवस तो झोपलेला असतो, आणि ज्या दिवशी त्याला उठायचे असते, त्या दिवशी वर अतिदक्षता विभागात कुणाचा तरी श्वास यंत्रावर चाललेला असतो.

लाइट गेले की घडते ते असे. वीज गेल्याचा इशारा मिळतो, बॅटरीवर स्टार्टर फिरतो, इंजिन वेग धरते आणि चेंजओव्हर स्विच सगळा भार जनरेटरवर टाकतो. अमेरिकेत जिवाशी संबंधित जोडण्यांसाठी याला दहा सेकंदांची मुदत आहे. तेवढ्या वेळात व्हेंटिलेटर स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो. मात्र या साखळीतली एक कडी निखळली, तर बाकीच्या कितीही भक्कम असल्या तरी उपयोग नाही.

न्यूयॉर्कने हे २९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री पाहिले. सँडी वादळाचे पाणी ईस्ट रिव्हरच्या काठावरच्या एनवायू लँगोन या नामांकित इस्पितळात शिरले आणि राखीव वीजही गेली. तीनशेहून अधिक रुग्ण हलवावे लागले. त्यांत वीस नवजात बाळे होती. परिचारिका बाळांना छातीशी धरून, हाताने फुगा दाबून श्वास देत, अंधाऱ्या जिन्यांवरून उतरल्या. शेजारच्या बेलव्ह्यू इस्पितळात जनरेटर होते तेराव्या मजल्यावर, पुरापासून अगदी सुरक्षित. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. मग कर्मचारी आणि जवान जिन्यात साखळी करून उभे राहिले आणि डिझेल हातोहात तेराव्या मजल्यावर पोहोचवू लागले. तरीही दोन दिवसांत ते इस्पितळ रिकामे करावे लागलेच.

हे अमेरिकेतले, असे म्हणून पान उलटू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईकर विसरलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, करोनाच्या ऐन काळात, सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल ठेवा, असे रुग्णालयांना सांगण्याची वेळ आली.

मी बँकेत आयुष्य काढले. रजिस्टर दिसले की हात शिवशिवतात. मध्यंतरी एका आप्ताच्या आजारपणात तालुक्याच्या गावातल्या एका इस्पितळात चार रात्री काढल्या. जनरेटरच्या खोलीबाहेर लॉगबुक खिळ्याला टांगलेले होते. दर सोमवारी, ‘दहा मिनिटे चालवला. ठीक.’ चार महिन्यांच्या नोंदी एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या, एकाच बैठकीत उरकलेल्या. बँकेत असे कॅशबुक दिसले असते तर मी त्याच दिवशी तिजोरी उघडायला लावली असती.

ऑपरेटर तिशीतला, सरळ मुलगा. म्हणाला, “काका, मी चालवतो, खोटं नाही. पण नुसताच. लोड द्यायचा तर मेन स्विच पाडावा लागतो. वर ऑपरेशन चालू असतं. परवानगी कोण देणार?”

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरी अडचण तिथेच आहे. भाराशिवाय चालवलेले डिझेल इंजिन नीट तापत नाही. न जळलेले इंधन आणि काजळी साचून धुराड्यातून काळा तेलकट ओघळ येऊ लागतो. झोपलेल्या माणसाची नाडी पाहून त्याचे हृदय ठणठणीत असल्याचा दाखला देता येत नाही, त्याला ट्रेडमिलवर चालवावे लागते, तसेच हे. म्हणूनच अमेरिकन मानकात महिन्यातून एकदा, निदान अर्धा तास, क्षमतेच्या किमान तीस टक्के भारावर चाचणी सांगितली आहे. खरा भार देणे शक्य नसेल तर लोड बँक जोडतात. म्हणजे वीज खाऊन तिची नुसती उष्णता करणारे यंत्र.

बाकीचे शत्रू तर अगदी घरगुती आहेत. जनरेटर सुरूच झाला नाही, तर पुष्कळदा कारण बॅटरी असते. व्होल्टमीटर बरा आकडा दाखवतो, पण स्टार्टर फिरवायची ताकद तिच्यात उरलेली नसते. डिझेलही मुरवलेल्या लोणच्यासारखे टिकत नाही. आपल्या दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी साचते, त्या पाण्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा चिकटा फिल्टरमध्ये अडकतो. इंजिन सुरू होते, सगळे सुस्कारा टाकतात आणि वीस मिनिटांनी ते गुदमरून बंद पडते. दहा मिनिटांच्या सोमवारच्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही.

त्या मुलाला परवानगी द्यायला भूलतज्ज्ञ, मेट्रन, व्यवस्थापक आणि वीजतंत्री यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसायला हवे. ऑपरेशन नसलेली सकाळ ठरवावी, प्रत्येक व्हेंटिलेटरपाशी हातफुगा घेऊन माणूस उभा करावा, आणि मग मेन स्विच पाडावा. किती सेकंदांत दिवे आले, किती भार चढला, तेलाचा दाब किती, हे मिनिटाच्या हिशेबाने लिहावे आणि खाली दोन सह्या असाव्यात. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोन माणसांकडे.

आणि रुग्णाचे नातेवाईक म्हणून आपण पलंगाचे भाडे विचारतोच. त्याच खिडकीवर आणखी एक चौकशी करावी. मेन स्विच पाडून जनरेटर शेवटचा कधी चालवला होता? खिडकीमागचा माणूस गोंधळला, तर लॉगबुक पाहायला मागावे.