परदेशातला ताप आणि आपला गाव

दिवाळीच्या सुटीत युरोपच्या बससहलीला निघणारी मंडळी आता चंद्रपूर-गडचिरोलीतही दिसतात. स्वेटर, व्हिसा, किमान ३०,००० युरोंचा विमा या गोष्टींची आठवण सहल कंपनी करून देते. आपल्या भागाची एक गोष्ट मात्र आपणच लक्षात ठेवायची.

पावसाळ्यानंतर जंगलपट्ट्यात हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा जोर असतो. डास चावल्यावर फाल्सिपेरम हिवताप साधारण एक ते चार आठवड्यांनी उमटतो. म्हणजे भामरागडला डास चावला, तरी ताप स्वित्झर्लंडमध्ये येऊ शकतो. तिथल्या डॉक्टरला तो साधा सर्दी-ताप वाटू शकतो. उशीर झाला तर जिवावर बेतते. म्हणून ताप येताच त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'मी मलेरियाच्या भागातून आलो आहे, रक्त तपासा,' हे इंग्रजीत लिहून पासपोर्टसोबत ठेवाच.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवर नेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. विरळ हवा, थंडी आणि कमी पाणी यांमुळे वेदना उसळू शकतात. स्वच्छतागृहाच्या धास्तीने बसमध्ये पाणी टाळू नका. बस थांबली की उतरून चार पावले चाला. रोजची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीतच ठेवा.

सामान थोडे कमी न्या. गावाचे नाव सांगायला मात्र संकोचू नका.