चित्रातला तो कोट शिवला तरी होता का?

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक जुनं फ्रेंच फॅशनचित्र फिरत असतं. मोटारीशेजारी उभी शेलाटी बाई, पायघोळ कोट, हॅटवरून हनुवटीखाली बांधलेली झिरझिरीत ओढणी. सोबत ठरलेली ओळ: ‘शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या बायका असा प्रवास करायच्या!’ अहो, नव्हत्या करत.

अशी चित्रं छापणारं ‘गॅझेत द्यु बाँ ताँ’ हे मासिक घ्या. ल्युसियाँ व्होजेल यांनी ते १९१२ मध्ये काढलं. प्वारे, वर्थ, पाकँ, दुसे अशा बड्या फॅशन पेढ्यांशी त्याचा करार होता. अंकात साधारण दहा रंगीत चित्रं असत. त्यांतल्या सातेकांत पेढ्यांचे पोशाख, उरलेल्या तिनांत मात्र चित्रकाराची निव्वळ कल्पना! त्यांतला कोट कुठल्या पेढीनं बेतलेलाच नसे. ओळखणं अवघड नाही. चित्राखालचा मजकूर वाचायचा. पेढीचं नाव असेल तर पोशाख तिचा, नसेल तर चित्रकाराचा. पण फिरत्या चित्रांत नेमका तोच मजकूर कापलेला असतो.

पेढीचं नाव असलं, तरी लपाप किंवा बार्बिए हे मासिकाचे चित्रकार शिवण दाखवायला बसलेले नव्हते. ते अंग लांबवत, चुण्या गाळत. उघड्या मोटारी आणि डांबर नसलेले रस्ते म्हणजे धुळीचं राज्य. त्यासाठी बायका ढगळ, मातकट रंगाचे कोट, जाड जाळी आणि गॉगल वापरत. चित्रातली बाई कशी, नुकती इस्त्री केल्यासारखी!

‘तेव्हा फोटो नव्हते म्हणून चित्रं काढत’ हेही चूक. ‘ले मोद’ मासिक १९०१ पासून फोटो छापत होतं. १९११ मध्ये छायाचित्रकार स्टायकेननं प्वारेच्या पोशाखांचे फोटो काढले. ‘रंग यंत्रानं छापलेले’ हेही नाही. बाह्यरेषा छापून रंग स्टेन्सिलमधून हातानं भरत. या पद्धतीला पोश्वार म्हणतात. ‘प्वारेनं बाईला मोकळं केलं’ हे अर्धसत्य आहे: कॉर्सेट सोडवली खरी, पण १९१०च्या सुमारास घोट्याशी आवळलेला स्कर्टही त्यानंच गाजवला. तो घालून आगगाडीची पायरी चढून दाखवा!

आणि असंच फिरणारं दुसरं चित्र, हिरव्या बुगाटीतली ती हेल्मेटवाली बाई? ते चित्रकर्ती तमारा द लेम्पिकाचं आत्मचित्र, १९२९चं, बर्लिनच्या ‘दी डामे’ या जर्मन मासिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेलं. तिची स्वतःची गाडी पिवळी रेनो होती.