ई-पुस्तकात पैसा नेमका कुठे आहे? प्रकाशन व्यवसायाचं साधं गणित



"आता सगळे मोबाईलवरच वाचतात, मग छापील पुस्तकाचा धंदा संपला ना?" हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो. व्हिडिओत आकडे भराभर पुढे गेले, म्हणून आज इथे कागद-पेन घेऊन निवांत बसू.

वाचक संपला नाही, वाटला गेला

जूनमध्ये औरंगपुऱ्यात एक चक्कर मारा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तरी पालक पुस्तकांच्या दुकानासमोर उभे असतात. कारण मुलाला रेघ मारायला, पान दुमडायला हातात पुस्तक लागतं. याच शहरात स्पर्धा परीक्षेची मुलं नोट्स मोबाईलवर वाचतात आणि कुणी गाडी चालवताना कादंबरी ऐकतं. गरज बदलली की माध्यम बदलतं.

मराठीत हे काही एका रात्रीत झालं नाही. ई साहित्य प्रतिष्ठान २००८ पासून मोफत ई-पुस्तकं वाचकांपर्यंत पोचवतंय. पुण्याचं बुकगंगा छापील आणि ई-पुस्तकं दोन्ही विकतं. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात सुरू झालं आणि मराठी ऑडिओबुकला मोठं दुकान मिळालं.

आता गणित मांडू

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे स्वतः चौकशी करून टाका.

छापील पुस्तक: १,००० प्रती, प्रत्येकी खर्च ८० रुपये. म्हणजे ८०,००० रुपये आधीच गुंतले. किंमत २०० रुपये. दुकानदार-वितरकाचं कमिशन ४० टक्के, लेखकाचं मानधन २० रुपये. हातात उरले १०० रुपये. भांडवल सुटायला ८०० प्रती विकाव्या लागतील.

ई-पुस्तक: टायपिंग, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, रूपांतर मिळून १५,००० रुपये. किंमत १०० रुपये. निम्मे विक्री करणाऱ्या ॲपचे, २५ लेखकाचे, २५ तुमचे. भांडवल सुटायला ६०० प्रती!

बघा, फार फरक आहे का? लोकांना वाटतं ई-पुस्तक म्हणजे फुकटचा नफा. तसं नाही. खरा फरक पुस्तक चाललं नाही तर कळतो. समजा दोन्हीच्या ३०० प्रतीच गेल्या. छापीलमध्ये ५०,००० रुपये अडकले आणि घरात ७०० पुस्तकांचे गठ्ठे. ई-पुस्तकात ७,५०० रुपयांची तूट, गठ्ठा शून्य.

म्हणजे ई-पुस्तकाने छपाईची जोखीम कमी केली, विक्रीची नाही. साकेत प्रकाशनासारखी संस्था आपल्या शहरातून महाराष्ट्रभर पुस्तकं पोचवते, ती अनेक वर्षांच्या वितरणाच्या जोरावर. ते जाळं तुमच्याकडे नाही, आणि ई-पुस्तक केल्याने ते आपोआप मिळत नाही. वाचक तुम्हालाच शोधावा लागतो.

मधला मार्ग म्हणजे मागणीनुसार छपाई: ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापायची. प्रत महाग पडते, पण माल पडून राहत नाही. मात्र दुकानाला ४० टक्के कमिशन दिलं तर हातात काही उरत नाही. थेट वाचकाला विकलं तरच जमतं.

मग तुम्ही कुठून सुरुवात करायची?

माझ्या मते प्रकाशक होण्याआधी प्रकाशकांची कामं घ्या. हजारो मराठी पुस्तकं श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. ती युनिकोडमध्ये आणली की जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडे जातो. मग माणसाने बसून ओळ न् ओळ तपासावी लागते. शिवाय पीडीएफ मोबाईलवर वाचताना सारखी बोटाने सरकवावी लागते. ईपबमध्ये मजकूर स्क्रीनप्रमाणे जुळतो. हे रूपांतर, मुद्रितशोधन, ऑडिओबुकचं ध्वनिमुद्रण ही कामं लॅपटॉप आणि चांगलं मराठी एवढ्या भांडवलावर सुरू होतात. (ऑडिओला माइक आणि शांत खोली लागेल.) पैसे पुस्तक विकलं जाण्याची वाट न बघता कामाचे मिळतात.

हक्काचा कागद आधी

इथे नवीन लोक अडकतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून कुणीही काढू शकतं. पण मग स्पर्धाही सगळ्यांशीच!

हयात लेखकाशी लेखी करार करा. कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार झाला तेव्हा जे माध्यम नव्हतंच त्याचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय हस्तांतरित होत नाही. म्हणून छापील, ई-पुस्तक, ऑडिओ हे तिन्ही वेगवेगळे लिहा. "छपाईचे हक्क आहेत ना" एवढं पुरत नाही. लेखक किंवा वारसांची सही घ्या.

आणि हो, आयएसबीएन नंबर सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर आधी स्वतः अर्ज करून बघा.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या ओळखीचा एक लेखक किंवा छोटा प्रकाशक गाठा. त्यांची किती पुस्तकं आज बाजारात मिळत नाहीत, ते विचारा.
२. त्यातल्या एकाच्या दहा पानांचं युनिकोड रूपांतर करा. किती तास लागले, किती चुका निघाल्या, लिहून ठेवा.
३. त्या तासांवरून पानामागे दर काढा.

तो दर काढता आला की तुमच्याकडे नुसती कल्पना राहत नाही, विकायला एक सेवा असते. पहिली ऑर्डर तिथूनच येईल.