डाव्या बाई आणि शोभेची खुर्ची
राष्ट्रप्रमुख : पद आणि पेच – लेखांक ७

आयर्लंडमध्ये २४ ऑक्टोबर २०२५ला मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मतं मोजली गेली आणि कॅथरीन कॉनली देशाच्या दहाव्या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. त्यांना पहिल्या पसंतीची ९ लाख १४ हजारांवर मतं पडली, म्हणजे वैध मतांच्या ६३ टक्क्यांहून जास्त. पहिल्या पसंतीची इतकी मतं या पदासाठी याआधी कुणालाच मिळाली नव्हती. कॉनली उघडपणे डाव्या आहेत. लष्करी खर्चाला त्यांचा विरोध आहे, युरोपच्या शस्त्रसज्जतेवर त्या सडकून टीका करतात, गाझाबद्दल त्या अजिबात आडपडदा न ठेवता बोलतात आणि आयर्लंड पुन्हा एक व्हावा असं त्यांना वाटतं.

निकालानंतर जो वाद झडला, त्यात तीन सूर होते. आयर्लंडने डावं वळण घेतलं, असं एक बाजू म्हणाली. ज्या पदाला अधिकारच नाहीत तिथं डावं काय नि उजवं काय, असं दुसरीने विचारलं. तिसरीला घोर लागला तो असा, की या बाई परदेशात काहीतरी बोलून देशाला अडचणीत आणतील. तिन्ही सूर मला अर्धवट वाटतात. का, ते समजायला आधी त्या खुर्चीकडे बघावं लागेल.

ती खुर्ची १९३७च्या आयरिश राज्यघटनेनं घडवली. घटनेमागची मुख्य प्रेरणा एमन डी व्हॅलेरा यांची. आपल्याला हे कागद अगदीच परके नाहीत. आपल्या घटनेचे सल्लागार बी. एन. राव मसुदा घडत असताना डब्लिनला जाऊन डी व्हॅलेरांना भेटले होते. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं आपण तिथूनच घेतली, आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतली पसंतिक्रमाची पद्धतही. एक गोष्ट मात्र आपण घेतली नाही. आपला राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यांचा राष्ट्राध्यक्ष लोक थेट निवडतात, तोही सात वर्षांसाठी. म्हणजे अख्ख्या देशाचा कौल घेऊन माणूस त्या वाड्यात जातो आणि तिथं गेल्यावर त्याला सांगितलं जातं, की बहुतेक प्रत्येक गोष्ट सरकारच्या सल्ल्यानेच करायची. सरकारच्या परवानगीवाचून देशाबाहेरही जायचं नाही. पंतप्रधानाला, म्हणजे तिथल्या टीशॉकला, एवढ्या थेट मतांची शिदोरी कधीच मिळत नाही. तो एका मतदारसंघातून निवडून आलेला असतो.

विधेयकांवर नुसतं बसून राहण्याची सोयही तिथं नाही. १९८६च्या टपाल विधेयकावर ग्यानी झैलसिंगांनी सही केली नाही आणि परतही पाठवलं नाही, ते तसंच राहिलं. आयरिश घटनेनं ही पळवाट बुजवली आहे. विधेयक हाती आल्यापासून पाचव्या दिवसाच्या आधी नाही आणि सातव्याच्या नंतर नाही, एवढ्या मुदतीत सही झालीच पाहिजे.

मग स्वतःचं असं उरतं काय? वजनदार गोष्टी दोनच.

पहिली कलम २६ची. एखादं विधेयक घटनेशी विसंगत असल्याची शंका आली, तर राष्ट्राध्यक्ष कौन्सिल ऑफ स्टेट या सल्लागार मंडळाशी बोलून ते थेट सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतो. मंडळाचं ऐकायचं बंधन नाही, सरकारला विचारायचं तर नाहीच. न्यायालयाने ६० दिवसांत निकाल द्यायचा. विधेयक घटनाबाह्य ठरलं तर सहीच होत नाही. डाव्या विचारांच्या माणसाच्या हातात हे चांगलं हत्यार आहे, असं वाटेल. पण बारकावा बघा. धनविधेयकं यातून वगळलेली आहेत. कर कुणावर लावायचा आणि पैसा कुठं खर्चायचा, हे डाव्या राजकारणाचं काळीज, तिथं या कलमाचा हात पोचतच नाही. दुसरा बारकावा त्याहून बोचरा आहे. न्यायालयाने विधेयक वैध ठरवलं, तर त्या तरतुदींना पुढं कुणालाही, कधीही आव्हान देता येत नाही. नावडतं विधेयक राष्ट्राध्यक्षाने न्यायालयात पाठवावं आणि ते कायमचं चिलखत घालून परत यावं, हे शक्य आहे. म्हणून जाणते राष्ट्राध्यक्ष अनेकदा गप्प सही करतात आणि पुढं एखादा नागरिक न्यायालयात जाईल, त्याची वाट मोकळी ठेवतात. कॉनलींच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी चौदा वर्षांत हे कलम एकदाच वापरलं, २०२३मध्ये, न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या विधेयकावर. ते विधेयक वैध ठरलं.

मेरी रॉबिन्सन यांच्या वेळची गोष्ट तर विलक्षणच आहे. १९९०मध्ये त्या लेबर पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आल्या, संततिनियमनापासून समलिंगी हक्कांपर्यंतच्या कायदेशीर लढायांत मुरलेल्या वकील. त्यांनी न्यायालयाकडे पाठवलेल्या विधेयकांमध्ये १९९६चं रोजगार समानतेचं विधेयक होतं आणि १९९७चं समान दर्जाचं. दोन्ही पुरोगामी, आणि आणली होती लेबर भागीदार असलेल्या सरकारनं. दोन्ही घटनाबाह्य ठरली. अपंग कर्मचाऱ्यांसाठी सोयी करण्याचा खर्च मालकांवर टाकणं हे मालमत्तेच्या हक्काआड येतं, असं रोजगाराच्या विधेयकाबाबत न्यायालय म्हणालं. समतेसाठी आयुष्यभर भांडलेल्या बाईंच्या पाठवणीनं समतेचे कायदे अडले. नंतरच्या सरकारला ते डागडुजी करून पुन्हा आणावे लागले. या कलमाला डावं-उजवं कळत नाही. ते वापरायला वकिलाची नजर लागते. कॉनली स्वतः वकील आहेत, ही बाब त्यांच्या डावेपणापेक्षा इथं जास्त महत्त्वाची ठरेल असं मला वाटतं.

या कलमापायी एका राष्ट्राध्यक्षाची खुर्चीही गेली आहे. १९७६मध्ये कॅरल ओ डॉली यांनी आणीबाणीच्या अधिकारांचं विधेयक न्यायालयाकडे पाठवलं. ते माजी सरन्यायाधीश, त्यांनी आपलं काम केलं होतं. संरक्षणमंत्री पॅडी डोनेगन यांनी मलिंगरच्या लष्करी छावणीत, सैनिकांसमोर, त्यांची नालस्ती केली. राष्ट्राध्यक्ष हा सेनादलांचा सर्वोच्च प्रमुख असतो, त्याला त्याच्याच सैनिकांसमोर असं बोलायचं! मंत्र्याचा राजीनामा सरकारने घेतला नाही. ओ डॉलींनी पदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी स्वतःचाच दिला.

दुसरा अधिकार असा, की डॉइलमधलं, म्हणजे कनिष्ठ सभागृहातलं, बहुमत गमावलेल्या टीशॉकने सभागृह बरखास्त करा म्हटलं, तर राष्ट्राध्यक्ष नकार देऊ शकतो. आजवर एकदाही कुणी असा नकार दिलेला नाही. पण जानेवारी १९८२मध्ये सरकार अर्थसंकल्पावर कोसळलं, तेव्हा फिआना फॉइलच्या गोटातून बरखास्ती नाकारावी म्हणून राष्ट्राध्यक्ष हिलरी यांच्यावर दबाव आणायला फोन गेले. १९९०च्या निवडणुकीत त्या पक्षाचे ब्रायन लेनिहन हेच आघाडीवर होते. आपण तेव्हा फोन केला नव्हता, असं ते म्हणाले आणि केल्याचं त्यांनीच एका संशोधक विद्यार्थ्याला सांगितलेली ध्वनिफीत बाहेर आली. मतदानाला आठवडा असताना मंत्रिपद गेलं. तरीही पहिल्या पसंतीत लेनिहन ४४ टक्क्यांवर आणि रॉबिन्सन ३९वर होत्या. तिसऱ्या उमेदवाराची दुसऱ्या पसंतीची मतं रॉबिन्सनकडे वळली आणि त्या जिंकल्या. न वापरलेल्या अधिकारावरून पडलेला उमेदवार मला दुसरा आठवत नाही.

उरतं ते बोलणं, आणि खरी झुंज इथंच आहे. काय बोलावं नि काय नाही याची रेघ घटनेपेक्षा संकेताने आखलेली आहे, आणि गेल्या पस्तीस वर्षांत प्रत्येकाने ती थोडी पुढं ढकलली. हिगिन्स तर ती जवळपास पायाने पुसतच चालले. जून २०२२मध्ये घरांच्या टंचाईला ते आपत्ती म्हणाले, ही सरळ सरकारवर टीका होती. २०२३मध्ये देश नाटोकडे सरकतोय आणि हा आगीशी खेळ आहे, असं सुनावलं. संरक्षणावरच्या चर्चासत्राच्या अध्यक्षांबद्दल केलेल्या एका शेऱ्याची त्यांना माफीही मागावी लागली. सरकारं चडफडली, पण अंगावर गेली नाहीत. हिगिन्स लोकप्रिय होते आणि थेट लोकांनी निवडलेल्या माणसाला गप्प कोण करणार?

कॉनली यांना ही ढकललेली रेघ वारशात मिळाली आहे. गॉलवेच्या शांटाला वस्तीत चौदा भावंडांत त्या वाढल्या. नऊ वर्षांच्या असताना आई गेली. आधी मानसशास्त्रज्ञ, मग बॅरिस्टर, मग लेबर पक्षाच्या नगरसेविका. पुढं पक्ष सोडून अपक्ष, २०१६पासून डॉइलमध्ये आणि २०२०मध्ये सभागृहाच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष. या उपाध्यक्षपदाकडे टीकाकारांनी फारसं पाहिलं नाही. तटस्थ खुर्चीत बसायची सवय त्यांना आहे. त्यांच्यामागे शिन फेन, लेबर, सोशल डेमोक्रॅट्स, पीपल बिफोर प्रॉफिट आणि ग्रीन्स असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष उभे राहिले, ही या निवडणुकीतली खरी नवी गोष्ट.

आता लाटेबद्दल. मतदान झालं जेमतेम ४६ टक्के. त्यात २ लाख १३ हजारांवर, म्हणजे जवळजवळ १३ टक्के, मतपत्रिका बाद ठरल्या. बऱ्याच लोकांनी त्या मुद्दाम बाद केल्या होत्या, कारण मनासारखा उमेदवारच रिंगणात नव्हता. उमेदवारीसाठी २० खासदारांचा किंवा चार स्थानिक परिषदांचा पाठिंबा लागतो आणि पुराणमतवादी मारिया स्टीन १८ खासदारांवर अडकल्या. फिआना फॉइलचे जिम गॅविन यांनी एका जुन्या भाडेकरूचे ३३०० युरो परत न केल्याचं प्रकरण निघाल्यावर मतदानाला तीन आठवडे असताना माघार घेतली. नाव मात्र मतपत्रिकेवर राहिलं आणि त्यांनाही लाखभर मतं पडलीच! फिने गेलच्या हेदर हम्फ्रीज २९ टक्क्यांवर थांबल्या. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर २०२४मध्ये, याच मतदारांनी या दोन मध्यम-उजव्या पक्षांना मिळून सुमारे ४३ टक्के मतं देऊन सत्तेवर आणलं होतं. तेव्हा याला डावी लाट म्हणणं धाडसाचं आहे.

पण ‘शोभेचं पद, कुणाला काय फरक पडतो’ हेही खरं नाही. परीक्षा लवकरच आहे. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर सरकार, डॉइल आणि संयुक्त राष्ट्रं अशा तिघांची मंजुरी लागते. त्यातली संयुक्त राष्ट्रांची अट काढून टाकायचा सरकारचा बेत आहे आणि कॉनलींचा त्याला कडवा विरोध आहे. ते विधेयक त्यांच्या टेबलावर आलं तर? ही अट कायद्यातली आहे, घटनेतली नव्हे, त्यामुळे न्यायालयाकडे पाठवायला भक्कम आधार सापडणं कठीण. पाठवलं आणि वैध ठरलं, तर वर सांगितलेलं चिलखत चढणार. माझा अंदाज, त्या सही करतील आणि भाषणात बोलतील. तेही कमी नाही.

कॉनली यांनी ११ नोव्हेंबर २०२५ला डब्लिन कॅसलमध्ये शपथ घेतली. त्यांची मुदत २०३२पर्यंत आहे आणि लोकांनी निवडलं तर आणखी एकदा त्या उभ्या राहू शकतात.

पुढच्या लेखांकात जर्मनी : राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट निवडायचाच नाही, असं तिथं १९४९मध्ये मुद्दाम का ठरवलं, त्याविषयी.