घरचा मसाला: वाळवण, मिश्रण आणि साठवण

विदर्भात होळी झाली की घरोघरी उन्हाळी कामांना सुरुवात होते. कुरडया, पापड, शेवया यांच्या जोडीला वर्षभराचे तिखट, हळद आणि मसाला करून ठेवण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. बुटीबोरी परिसरातील बहुतेक शेतकरी कुटुंबांत मिरची, हळद व धने यांपैकी एखादा जिन्नस तरी घरच्या शेतातला असतो. जवळच नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची आणि वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे माल चांगला आहे. तरीही मे महिन्यात केलेल्या मसाल्याला पोळ्यापर्यंत वास राहत नाही, रंग फिका पडतो, गाठी होतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याची कारणे काय आहेत व त्यावर घरच्या घरी काय करता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

मसाला शिळा का होतो?

मसाल्याच्या पदार्थांचा वास हा त्यांतील उडून जाणाऱ्या तेलांमुळे असतो. लवंगेत अशा तेलाचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के, जिऱ्यात २ ते ४ टक्के, तर धन्यात १ टक्क्याच्या आतच असते. अखंड दाण्यामध्ये हे तेल पेशींच्या आत बंदिस्त असते. दाणा दळला की पेशी फुटतात आणि तेल हवेत उडू लागते. धन्यात मुळातच तेल कमी असल्यामुळे धनेपूड सर्वांत लवकर निर्वास होते. म्हणून अखंड मसाला वर्ष दीड वर्ष चांगला राहतो, तर दळलेला मसाला सहा महिन्यांत उतरतो.

मिरचीचे थोडे वेगळे आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या घटकामुळे येतो तो कॅप्सेसिन हा घटक सहजासहजी उडून जात नाही. त्यामुळे जुने तिखटही झोंबते. परंतु मिरचीचा लाल रंग मात्र प्रकाश आणि हवेतील प्राणवायू यांमुळे नष्ट होत जातो. खिडकीतल्या काचेच्या बरणीतील तिखट विटकरी होते ते यामुळेच. हळदीचा पिवळा रंगही उजेडात फिका पडतो.

थोडक्यात, मसाल्याचे चार शत्रू आहेत: ओलावा, उष्णता, उजेड आणि हवा. यांपैकी शेवटच्या तिघांमुळे मसाल्याची चव जाते. ओलाव्यामुळे मात्र मसाला आरोग्यास घातक होऊ शकतो.

बुरशीकडे दुर्लक्ष नको

याबाबत घरचाच एक अनुभव सांगण्यासारखा आहे. एका वर्षी मे अखेरीस गिरणीवर गर्दी असल्यामुळे मसाला दळून आणायला संध्याकाळ झाली. मसाला हाताला गरम लागत होता. घाईत तो तसाच स्टीलच्या डब्यात दाबून भरला आणि झाकण घट्ट लावले. गरम मसाल्यातील वाफ झाकणाला लागून गार झाली व पाणी होऊन पुन्हा मसाल्यात उतरली. नागपंचमीच्या सुमारास डबा उघडला तेव्हा वरच्या थरात गाठी झाल्या होत्या व त्यांवर हिरवट बुरशी दिसत होती. आई म्हणाली, "वरचं काढून टाक, खालचं उन्हात घाल. आपल्या शेतातली मिरची आहे, चार किलो मसाला फेकायचा का?" विद्यार्थ्यांना काढणीनंतरची काळजी शिकविणाऱ्याच्या घरी हे घडावे याची लाज वाटली. पण मसाला फेकून दिला.

फेकण्याचे कारण असे की मिरचीवर वाढणाऱ्या अस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. बुरशी डोळ्यांना दिसते, विष दिसत नाही. वरचा थर काढला तरी खालच्या मसाल्यात ते असू शकते. उन्हात घातल्याने बुरशीची वाढ थांबेल, परंतु तयार झालेले विष पूर्णपणे जात नाही. फोडणीत परतल्याने किंवा रस्सा उकळल्यानेही त्याचा पूर्ण नाश होत नाही. म्हणून बुरशी आलेला मसाला कितीही असला तरी टाकून द्यावा. तो जनावरांच्या चाऱ्यातही मिसळू नये, कारण दुभत्या जनावराने खाल्लेल्या या विषाचा काही अंश दुधातून उतरतो.

पहिली काळजी शेतात

साठवणीत होणारे बरेचसे नुकसान खळ्यावरच ठरते. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) मिरची झाडावर पूर्ण लाल झाल्यावरच तोडावी. तोडणी दव उतरल्यावर करावी.

२) मिरची मातीवर वाळवू नये. मातीतील बुरशीचे बीज ओल्या फळावर लगेच बसते. सिमेंटचे खळे, ताडपत्री किंवा स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद वापरावा.

३) पातळ थर द्यावा व दिवसातून दोन-तीन वेळा खालीवर करावे. रात्री दव पडते म्हणून संध्याकाळी मिरची गोळा करून झाकावी.

४) वाळल्यावर पांढुरकी, डागाळलेली, कुजकी फळे वेचून बाजूला काढावीत. अशी फळे घरच्या तिखटातही घालू नयेत. डागी मिरची विकता येत नाही म्हणून घरी वापरायची, ही सवय सोडली पाहिजे.

५) वाहतुकीत मिरची तुटू नये किंवा वजन भरावे म्हणून तिच्यावर पाणी शिंपडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो पूर्णपणे टाळावा. मिरची विकत घेणाऱ्यांनी पोत्यात हात घालून आतील माल ओलसर, चामट लागतो का ते पाहावे.

वाळलेल्या मिरचीत ११ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा. घरी ओलावा मोजण्याचे यंत्र नसते, तेव्हा साधी परीक्षा करावी. मिरची कानाजवळ हलवली असता आत बी खुळखुळले पाहिजे व देठाजवळ वाकवली असता ती कटकन मोडली पाहिजे. वाकून परत सरळ होत असेल तर आणखी वाळवावी. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला पाहिजे.

मिश्रण: दोन भागांत करावे

नागपूर म्हटले की सावजी रस्सा आठवतो. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून हा झणझणीत प्रकार पुढे आला आणि प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते. तेव्हा एकच प्रमाण सर्वांनी पाळावे असे नाही. परंतु टिकाऊपणाच्या दृष्टीने एक तत्त्व सर्वांना लागू पडते. ते म्हणजे कोरडे जिन्नस आणि तेलकट जिन्नस एकत्र दळून साठवू नयेत.

सुके खोबरे, तीळ, खसखस, जवस आणि शेंगदाणे यांत खाद्यतेल भरपूर असते. दळल्यानंतर या तेलाचा हवेशी संबंध येतो व ते खवट होते. चाळीस-बेचाळीस अंश तापमानात ही क्रिया फार वेगाने होते. असे जिन्नस घातलेला मसाला दीड-दोन महिन्यांत खवट लागतो व त्यापायी महागाची लवंग, वेलचीही वाया जाते. मसाल्याचे जिन्नस भरपूर तेलात तळून दळण्याच्या पद्धतीतही हाच दोष आहे.

म्हणून पहिल्या भागात फक्त कोरडे जिन्नस घ्यावेत. एक किलो मसाल्यासाठी पुढील प्रमाण रोजच्या वापरास योग्य आहे: धने ४५० ग्रॅम, देठ काढलेली लाल मिरची २५० ग्रॅम, जिरे १०० ग्रॅम, हळकुंड ५० ग्रॅम, बडीशेप २५ ग्रॅम, काळे मिरे २५ ग्रॅम, सुंठ २० ग्रॅम, दालचिनी २० ग्रॅम, दगडफूल २० ग्रॅम, मसाला वेलची १५ ग्रॅम, तमालपत्र १० ग्रॅम, लवंग १० ग्रॅम आणि चक्रीफूल ५ ग्रॅम. तिखटाच्या आवडीप्रमाणे मिरची कमीजास्त करावी.

दुसरा भाग म्हणजे तेलकट जिन्नस. ते अखंडच वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि भाजी करण्याच्या वेळी लागतील तेवढे भाजून वाटून घ्यावेत. फार तर आठ दिवसांपुरते एकदम करून ठेवावेत. कांदा, लसूण, आले व सांबार हे ओले पदार्थ साठवणीच्या मसाल्यात मुळीच घालू नयेत.

भाजणे आणि दळणे

प्रत्येक जिन्नस निवडून, वेगवेगळा व मंद आचेवर कोरडाच भाजावा. धने आणि मिरची एकाच कढईत टाकल्यास धने भाजेपर्यंत मिरची करपते. जिन्नस कुरकुरीत होऊन वास सुटला की लगेच परातीत काढावा. भाजण्याचा हेतू उरलेला ओलावा घालविणे व स्वाद खुलविणे हा आहे. लाल-काळे होईपर्यंत भाजल्यास सुगंधी तेल चुलीवरच उडून जाते. घर सुगंधाने भरले म्हणजे तेवढा सुगंध मसाल्यातून कमी झाला, हे लक्षात ठेवावे. दगडफुलात माती व काडीकचरा असतो, तो आधी झटकून काढावा. हळकुंड खलबत्त्यात फोडून घ्यावे.

भाजलेले जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच दळावेत. वेगाने फिरणाऱ्या गिरणीत मसाला बराच तापतो व सुगंधी तेल उडते. त्यामानाने कांडप यंत्रात मसाला कमी तापतो, म्हणून जवळ कांडपाची सोय असल्यास तिला पसंती द्यावी. गिरणीवरच दळायचे असल्यास सकाळच्या गारव्यात न्यावे आणि थोडे थोडे दळून घ्यावे. दळून आणलेला मसाला घरात, सावलीत, स्वच्छ कोरड्या कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. त्यानंतर चाळून डब्यात भरावा. आमच्या घरी चूक झाली ती नेमकी येथेच.

साठवण

मृगाच्या पावसाआधी दळण व भरणी पूर्ण करावी. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की कोरडी पूड हवेतील ओलावा शोषून घेते. साठवणीसाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणी अथवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरावा. बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. मसाला काठोकाठ दाबून भरावा, म्हणजे आत हवा कमी राहते.

मोठी बरणी रोज उघडू नये. पंधरा दिवसांना पुरेल एवढा मसाला छोट्या डबीत काढावा व मोठी बरणी अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवावी. चुलीच्या किंवा गॅसच्या वरची फळी मसाल्यासाठी सर्वांत वाईट जागा होय, कारण तेथे उष्णता आणि वाफ दोन्ही असतात. उकळत्या रश्शावर डबी धरून मसाला झटकू नये. चमचा नेहमी कोरडा असावा. फ्रीजमध्ये बरणी ठेवणाऱ्यांनी ती बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, अन्यथा गार मसाल्यावर हवेतील पाणी जमते.

बरणीत खडा हिंग ठेवण्याची पद्धत चांगली आहे, परंतु ओला मसाला हिंगाने टिकत नाही. धने व हळकुंडात भुंगेरे होतात. बारीक छिद्रे व पिठूळ भुकटी दिसल्यास कीड लागली असे समजावे. तसे होऊ नये म्हणून अखंड जिन्नस महिन्यातून एकदा पाहावेत. धान्य साठवणीतील विषारी गोळ्या मसाल्याच्या डब्यात कधीही ठेवू नयेत.

विक्री करणाऱ्यांसाठी

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीमुळे परिसरात मसाला विकत घेणारी कामगार कुटुंबे बरीच आहेत. महिला बचत गटांना ही चांगली संधी आहे. मात्र विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, तो वेष्टनातच विकावा लागतो. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व वापराची मुदत छापावी. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्न सुरक्षा केंद्राने काही भारतीय मसाला मिश्रणांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे जाहीर करून त्यांची विक्री थांबविण्यास सांगितले होते. हा वायू मसाल्यातील जंतू मारण्यासाठी वापरला जातो. स्वच्छ खळ्यावर वाळवलेला, डागी माल वेचून काढलेला व कोरडा भरलेला मसाला ही अशा उपायांची गरज कमी करण्याची खरी वाट आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मसाला टिकविण्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. मिरची कटकन मोडेपर्यंत वाळवणे, तेलकट जिन्नस वेगळे ठेवणे, दळलेला मसाला गार करूनच भरणे आणि बुरशी दिसताच तो टाकून देणे, एवढ्या चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. म्हणजे आपल्या शेतातील मालाचा रंग आणि सुगंध दिवाळीच्या फराळापर्यंत टिकून राहील आणि ताटातील रश्शापासून घरातील कोणालाही अपाय होणार नाही.