भर्तृहरी आणि त्याच्या नावावरचे ग्रंथ

शब्द आणि अर्थ यांचे नाते काय, वाक्य कळते म्हणजे नेमके काय होते, हे प्रश्न पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या 'महाभाष्या'त ठिकठिकाणी विखुरलेले होते. त्यांना एकत्र गुंफून व्याकरणाला दर्शनाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती भर्तृहरीने.

त्याच्या काळाबद्दल बराच घोळ झाला, तो इत्सिंगमुळे. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात येऊन गेलेल्या या चिनी भिक्षूने लिहिले, की भर्तृहरी बौद्ध होता, मठ आणि संसार यांच्यामध्ये त्याने सात वेळा येरझाऱ्या घातल्या आणि त्याला वारून चाळीस वर्षे झाली. या हिशेबाने तो ६५०च्या आसपासचा ठरतो. पण ६५०च्या आधीच होऊन गेलेला बौद्ध तर्कपंडित दिङ्‌नाग याच्या लेखनात भर्तृहरीच्या कारिका, म्हणजे श्लोक, आढळल्या आणि हे गणित कोसळले. आता तो पाचव्या शतकातला मानला जातो. वसुरात हे त्याच्या गुरूचे नाव. वेदाला तो ज्या निष्ठेने प्रमाण मानतो, ती पाहता तो बौद्ध होता ही गोष्टही पटण्याजोगी नाही.

'वाक्यपदीय' निःसंशय त्याचे. तीन कांडे आणि सुमारे दोन हजार कारिका असलेल्या या ग्रंथाला 'त्रिकांडी' असेही म्हणतात. पहिल्या कांडात शब्दतत्त्व हेच ब्रह्म, त्याचाच विवर्त, म्हणजे भासमान रूप, हे जग, अशी मांडणी आहे. शब्दाचा स्पर्श नसलेले ज्ञानच नाही, हा त्याचा ठाम दावा. ग्रंथाचा खरा कस मात्र दुसऱ्या कांडात लागतो. वाक्याविषयीची आठ मते सांगून भर्तृहरी अखंड वाक्याकडे झुकतो: वाक्य एकसंध असते, पदे आपण शिकवण्याच्या सोयीसाठी वेगळी काढतो. वाक्यार्थ एकदम उजळतो, त्या स्फुरणाला तो 'प्रतिभा' म्हणतो. वसंतात कोकिळाला सूर शिकवावा लागत नाही, तीही प्रतिभाच. तिसऱ्या कांडात जाती, द्रव्य, काल, साधन अशा चौदा विषयांची चर्चा आहे. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी ही वाणीची चौकडी आज सर्रास त्याच्या नावावर सांगतात. पण त्याने वाणीची तीनच रूपे मानली, परा नंतरची.

'वाक्यपदीया'च्या पहिल्या दोन कांडांवरील वृत्ती, म्हणजे विवरण, त्याचीच, असे परंपरा मानते. आधुनिक अभ्यासकांपैकी मादलेन बियार्दो यांनी त्यावर शंका घेतली, तर के. ए. सुब्रह्मण्य अय्यर यांनी परंपरेची बाजू लढवली. वाद मिटलेला नाही. 'महाभाष्या'वरील टीका 'महाभाष्यदीपिका' मात्र त्याचीच. तिची एकच खंडित पोथी बर्लिनला आहे, तीही पाणिनीच्या पहिल्या अध्यायातील पहिल्या पादाच्या ५५व्या सूत्रापर्यंतच. ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केली. 'शब्दधातुसमीक्षा' लुप्त आहे; काश्मिरी शैवांच्या ग्रंथांतून तिचे नाव तेवढे कळते.

मराठी वाचकाला भर्तृहरी भेटतो तो वामन पंडितांच्या समश्लोकीतून, नीति, शृंगार आणि वैराग्य या शतकांचा कवी म्हणून. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४८ साली या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. पोथ्यापोथ्यांत श्लोक इतके बदलतात, की मूळचे म्हणता येतील असे सुमारे दोनशेच उरले. हा कवी आणि वैयाकरण एकच, असे म्हणायला नामसाम्यापलीकडे भक्कम आधार नाही. 'भट्टिकाव्य' त्याच्या नावावर घालणे तर त्याहून कच्चे. उज्जैनचा विरक्त राजा आणि 'नवनाथ भक्तिसारा'तला भर्तरीनाथ हे लोककथेचे धनी. 'वाक्यपदीया'च्या कर्त्याशी त्यांचे नाते नावापुरतेच आहे.