संत जेरोम : एका शब्दावरून उठलेले वादळ

३० सप्टेंबर हा दिवस जगभर अनुवाद दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१७ मध्ये त्यास मान्यता दिली. ही तिथी लॅटिन बायबलचे अनुवादक संत जेरोम यांच्या स्मृतिदिनाची आहे.

इ. स. ३४७ च्या सुमारास स्ट्रिडॉन येथे जन्मलेल्या जेरोम यांचे शिक्षण रोममध्ये झाले. पुढे सीरियाच्या वाळवंटात तपाचरण करताना त्यांनी हिब्रू भाषेचा अभ्यास आरंभला. त्या काळी लॅटिन बायबलच्या हस्तलिखितांत एकवाक्यता नव्हती. म्हणून ३८२ मध्ये पोप दमासस यांनी शुभवर्तमानांच्या संशोधनाचे काम त्यांच्याकडे सोपविले. ३८६ मध्ये ते बेथलेहेमला स्थायिक झाले. तेथील मठांचा भार पाउला या रोमन विदुषीने उचलला. जुन्या कराराचा लॅटिन पाठ तोवर ग्रीक भाषांतरावर बेतलेला होता. जेरोम यांनी तो थेट मूळ हिब्रूवरून सिद्ध केला.

हे धाडस अनेकांना रुचले नाही. योना संदेष्ट्याला सावली देणाऱ्या वेलीला जुन्या पाठात भोपळा म्हटले होते. जेरोम यांनी तेथे 'आयव्ही' हा शब्द योजला. उत्तर आफ्रिकेतील ओइआ नगरात हा पाठ वाचला जाताच भाविकांनी गदारोळ केला. अखेर तेथील बिशपांना माघार घ्यावी लागली. संत ऑगस्टिन यांनी पत्राद्वारे हा प्रसंग जेरोम यांना कळविला. मूळ हिब्रू शब्दाने सूचित होणारी वनस्पती एरंड असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिला लॅटिन नाव नसल्याने आपण जवळचा शब्द घेतला, असे जेरोम यांचे म्हणणे होते.

पुढे हाच अनुवाद 'व्हल्गेट', म्हणजे सर्वत्र रूढ झालेला पाठ, म्हणून ओळखला गेला. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेले बायबल हेच. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्याला अधिकृत ठरविले. मात्र तोवर लॅटिन सामान्यांची भाषा राहिली नव्हती. लोकांना कळावा म्हणून केलेला अनुवाद लोकांनाच दुर्बोध झाला होता!

म्हणूनच प्रत्येक भाषेला हे काम नव्याने करावे लागले. मराठीत पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या याच कार्यात गढल्या होत्या. जेरोम यांनी घालून दिलेली मुळाकडे जाण्याची वाट केडगावपर्यंत पोहोचली होती.